दुधातली भाजलेली फरसबी : सहा माणसे, सहा सारखे वाटे



गेल्या हिवाळ्यात पावणे येथील वस्तीत आमची बायकांची बैठक होती. विषय नेहमीचाच, अंगात रक्त कमी असण्याचा. आम्ही गोळ्यांचे सांगितले, पालेभाजीचे सांगितले, जेवणावर चहा पिऊ नका हे सांगितले. बायका माना डोलावत होत्या. बैठक उठता उठता मागे बसलेल्या एका मावशींनी हात वर केला. त्या वाशीला चार घरी धुणीभांडी करतात.

"सिस्टर, एक विचारू का? त्या मोठ्या घरात एक काचेचं भांडं असतं बघा. आत पांढरं असतं, हिरव्या शेंगा असतात, वरून खरपूस. कडेला असं चिकटतं की तारेच्या घासणीनंसुद्धा निघत नाही. सहा वर्षं घासतेय मी ते भांडं. ते आपल्या गॅसवर होतं का?"

बायका हसल्या. एक म्हणाली, "अगं, ते भट्टीतलं असतं. आपल्याला कुठून?" दुसरी म्हणाली, "दूध-लोण्याचं ते. आपलं खाणं नाही."

आम्हाला हसू आले नाही. जीएनएमचा डिप्लोमा करून आम्ही बरीच वर्षे वॉर्डात काढली. आता वस्त्यांमधून फिरतो. इतक्या वर्षांत लोकांना काय खाऊ नये हेच आम्ही जास्त सांगितले आहे. मावशींनी मात्र काय खाता येईल ते विचारले होते. म्हणून आम्ही त्यांना शब्द दिला की पुढच्या बैठकीत आपल्या गॅसवर करून बघू. तो पदार्थ, तो करताना झालेली आमची फजिती आणि त्यातून निघालेली एक महत्त्वाची गोष्ट या पानावर सांगत आहोत.

हा पदार्थ आला कुठून?

ज्या भांड्याबद्दल मावशी बोलत होत्या, तो अमेरिकेतला घरगुती पदार्थ आहे. 1955 साली न्यू जर्सी राज्यातल्या कॅम्डेन गावी कॅम्पबेल सूप कंपनीच्या स्वयंपाकघरात डॉर्कस रायली नावाच्या बाईंनी तो बसवला. फरसबी, अळिंबीच्या सूपचा डबा, थोडे दूध आणि वरून तळलेला कांदा हे त्याचे मुख्य साहित्य. कामावरून दमून आलेल्या बाईला घरात असेल त्यातून एकाच भांड्यात करता यावे, अशी त्याची रचना होती. तिकडे नोव्हेंबरमधल्या थँक्सगिव्हिंगच्या सणाला तो घरोघर होतो.

म्हणजे हे राजवाड्यातले पक्वान्न नाही. कंपनीला सूपचे डबे खपवायचे होते, ही दुसरी बाजूही लक्षात ठेवा. डब्यातल्या सूपमध्ये मीठ भरपूर असते. आपल्याला तो डबा लागत नाही. दूध आणि कणीक असली की पांढरा रस्सा घरीच होतो.

शेंगा भाजून खाणे आपल्याकडेही नवे नाही. पावणे हा मूळचा आगरी-कोळ्यांचा भाग. थंडीत इकडे आणि रायगडात पोपटी लावतात, ती कुणाला माहीत नाही? मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी, मीठ आणि ओवा भरायचा, मडके उपडे ठेवायचे आणि भोवती काटक्या-गवत पेटवायचे. पाण्याचा थेंब न घालता शेंगा शिजतात. कोकणातल्या भानोल्यालाही पूर्वी वरखाली निखारे ठेवत. बंद भांड्यात चारी बाजूंनी कोरडी उष्णता देणे हेच भट्टीचे तत्त्व. ते बटणाच्या ओव्हनमध्ये साधते तसे मडक्यात आणि पातेल्यातही साधते.

फरसबी हे नावच मुळी फ्रेंच बीन्सवरून आले. काही जण तिला श्रावण घेवडा म्हणतात. हे झाड मूळचे अमेरिका खंडातले, युरोपीय लोकांबरोबर आपल्याकडे आले. राजमा हे त्याच जातीचे वाळलेले बी. तेव्हा मिरची-बटाट्यासारखीच फरसबीही कधीच आपली झाली आहे. तुर्भ्याच्या एपीएमसीत ती गोणीगोणीने उतरते आणि आपल्यातले कितीतरी जण तिथे त्या गोण्या पाठीवर वाहतात.

"आपलं खाणं नाही" याबद्दल दोन शब्द

दूध-लोण्याचे खाणे आपले नाही, असे ती वहिनी सहज बोलून गेली. पण ही सवय सहज लागलेली नाही. बाबासाहेबांनी 1936 साली ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये जयपूर संस्थानातल्या चकवारा गावाची हकिगत नोंदवली आहे. यात्रेहून परतलेल्या एका अस्पृश्य माणसाने आपल्या भाऊबंदांना जेवण दिले आणि त्यात तूप वाढले. पंगत बसली असतानाच शेकडो सवर्ण लाठ्या घेऊन आले. त्यांनी अन्नाची नासाडी केली आणि जेवणाऱ्यांना मारून हाकलले. गुन्हा काय, तर अस्पृश्यांनी तूप खाल्ले.

दूध-तूप आपल्या ताटात नव्हते ते आपल्याला आवडत नव्हते म्हणून नव्हे, हे लेकरांना सांगितले पाहिजे. आज लाठी घेऊन कुणी येत नाही. तरीही घरात आलेले अर्धा लिटर दूध बहुतेक चहातच जाते. बाईच्या वाट्याला त्यातले किती येते, ते आपणच मोजून बघावे.

आमची फजिती

पहिल्या वेळी आम्ही घाई केली. कच्च्या शेंगा चिरून थाळीत टाकल्या, दुधात कणीक कालवून वरून ओतली आणि पातेल्यात ठेवून गॅस मोठा केला. अर्ध्या तासाने झाकण काढले तर बूड करपलेले, दुधाच्या गुठळ्या झालेल्या आणि शेंगा करकरीत कच्च्या. मावशी म्हणाल्या, "सिस्टर, हे भांडं घासायलाही त्या घरच्यापेक्षा वाईट."

चूक काय झाली ते नीट समजून घ्या, म्हणजे तुमचे दूध वाया जाणार नाही. पातेल्यातली मंद उष्णता कच्ची शेंग शिजवत नाही आणि पातळ दूध घट्टही करत नाही. आधीच तयार झालेल्या गोष्टी ती फक्त एकत्र बसवते. म्हणून शेंगा आधी उकडायच्या, रस्सा आधी घट्ट करायचा, कांदा आधी खरपूस करायचा. पातेल्याचे काम शेवटचे.

शेंगा पूर्ण शिजवण्याला आरोग्याचेही कारण आहे. घेवड्याच्या जातीत लेक्टिन नावाचे द्रव्य असते. राजम्यात ते फार असते, कोवळ्या फरसबीत कमी. कच्चे पोटात गेले तर मळमळ, उलटी, जुलाब होऊ शकतात. चांगले उकळले की त्याचा जोर जातो. म्हणून फरसबी कोशिंबिरीत कच्ची घालू नका.

साहित्य (सहा माणसांसाठी)

फरसबी अर्धा किलो. दूध अर्धा लिटरची एक पिशवी. कणीक पाच मोठे चमचे. अंडी दोन. कांदे तीन मध्यम. लसूण पाच-सहा पाकळ्या. भाजलेल्या शेंगदाण्यांचे कूट अर्धी वाटी. शिळे पाव दोन. तेल चार मोठे चमचे. मिरपूड अर्धा लहान चमचा. मीठ एक लहान चमचा, सपाट.

अंडे खात नसाल तर त्याऐवजी कोरडे भाजलेले बेसन तीन मोठे चमचे घ्या. बाजारातली अळिंबी परवडली तर शंभर ग्रॅम चिरून घाला, मूळ पदार्थाची चव येते. पावसात रानात उगवलेली अळिंबी मात्र ओळखीची वाटली तरी आणू नका. विषारी आणि खाण्याच्या अळिंबीतला फरक नुसत्या डोळ्यांनी करताना जाणत्यांचीही चूक होते.

फरसबी घेताना एक शेंग वाकवून बघा. टचकन मोडली तर ताजी. बिया फुगलेल्या दिसल्या तर शेंग जून झाली आहे.

कृती

1. शेंगा वाहत्या पाण्यात दोन-तीनदा चोळून धुवा. चिरल्यावर धुऊ नका, सत्त्व पाण्यात जाते. टोके आणि शिरा काढून बोटाच्या पेराएवढे तुकडे करा.

2. शेंगा जेमतेम बुडतील एवढ्या उकळत्या पाण्यात टाका आणि दहा-बारा मिनिटे शिजवा. बोटाने दाबली की चिरडली पाहिजे. हिरवा रंग टिकावा म्हणून सोडा घालू नका, त्याने जीवनसत्त्वे नष्ट होतात. शेंगा निथळून घ्या आणि त्यातले अर्धी वाटी पाणी राखून ठेवा.

3. दोन कांदे उभे पातळ चिरा. कढईत तेल तापवून मध्यम आचेवर बिर्याणीसाठी करतो तसे तांबूस, कुरकुरीत परता. बाहेर काढा. शिळे पाव हाताने कुस्करून त्याच कढईत कोरडे खमंग करा. कांदा आणि पाव एकत्र करून बाजूला ठेवा.

4. कढईत उरलेल्या तेलात तिसरा कांदा बारीक चिरून आणि लसूण ठेचून परता. अळिंबी असेल तर तीही इथेच घाला आणि तिचे पाणी आटेपर्यंत परता. त्यावर कणीक घालून मंद आचेवर तीन-चार मिनिटे भाजा. कच्चा वास गेला पाहिजे, पण रंग बदलता कामा नये.

5. कढई गॅसवरून खाली घ्या. आता गार दूध थोडे थोडे घालत सतत ढवळा. एकदम ओतले की गुठळ्या होतात. सगळे दूध आणि राखलेले पाणी घालून झाले की कढई परत मंद गॅसवर ठेवा. पळीच्या पाठीला जाड थर बसेपर्यंत ढवळत राहा. मीठ आणि मिरपूड घाला. हाच तो व्हाइट सॉस.

6. रस्सा कोमट होऊ द्या. मग अंडी फेटून घाला. गरम रश्श्यात घातली तर अंड्याची भुर्जी होते. अंड्याऐवजी बेसन असेल तर ते चार चमचे पाण्यात कालवून घाला. शेवटी उकडलेल्या शेंगा आणि दाण्याचे कूट मिसळा.

7. काठ असलेल्या स्टीलच्या थाळीला किंवा केकच्या डब्याला तेलाचे बोट फिरवून हे मिश्रण पसरा.

ओव्हनऐवजी पातेले

जाड बुडाचे मोठे जुने पातेले किंवा लोखंडी कढई घ्या. तळाशी वाटीभर जाडे मीठ किंवा धुऊन वाळवलेली वाळू पसरा आणि त्यावर लोखंडी तिवई किंवा स्टीलची रिंग ठेवा. घट्ट झाकण लावून मध्यम आचेवर दहा मिनिटे तापवा. मग थाळी सांडशीने तिवईवर ठेवा, झाकण लावा आणि आच मंद करा. तीस ते पस्तीस मिनिटे लागतात. मध्यभागी सुरी खुपसून बघा, कोरडी बाहेर आली की झाले. वरून कांदा-पावाचा चुरा पसरा आणि झाकण न लावता पाच मिनिटे तसेच ठेवा. आपल्या पातेल्याला वरून आच नसते, म्हणून वरचा खरपूसपणा या चुऱ्यातूनच येतो.

प्रेशर कुकर पाण्याशिवाय तापवू नका. काचेचे साधे भांडे ठेवू नका, तडकते. नॉनस्टिक भांडे असे कोरडे तापवू नका. खोली एकच असेल तर दार-खिडकी उघडी ठेवा, लहान मूल दूर ठेवा आणि गॅस चालू ठेवून नळावर पाण्याला जाऊ नका.

एवढा गॅस जाळणे जड वाटत असेल तर दुसरा मार्ग आहे. थाळीवर ताटली झाकून इडलीच्या भांड्यात ढोकळ्यासारखी पंचवीस मिनिटे वाफवा आणि वर तोच चुरा पसरा. कडा खरपूस होत नाहीत, पण पोषण तेच मिळते.

वाटे करणे हा कृतीचाच भाग

भांडे खाली उतरल्यावर पंधरा मिनिटे थांबा. मग सुरीने सहा सारखे चौकोन पाडा. घरात जेवढी माणसे तेवढे चौकोन. हे सगळे ज्या कारणासाठी लिहिले, ते इथे आहे.

पातळ भाजी पातेल्यात असते. आधी घरधनी, मग मुलगे, मग मुली, म्हातारी माणसे, आलागेला पाहुणा, अशी ती वाढली जाते. शेवटी पातेल्याला चिकटलेली खरवड भाकरीने पुसून जी खाते ती स्वयंपाक करणारी. वॉर्डात रक्त अगदी कमी झालेल्या बाया यायच्या. रोज काय जेवता असे विचारले की त्या घरात काय शिजले ते सांगायच्या. तुमच्या ताटात काय होते, असे पुन्हा विचारले की गप्प व्हायच्या.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या 2019–21 च्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रात 15 ते 49 वयाच्या शंभरपैकी 54 बायकांना रक्तक्षय आढळला. त्याची कारणे अनेक आहेत. पाळीत जास्त जाणारे रक्त आहे, लागोपाठची बाळंतपणे आहेत, जंत आहेत. शेवटी आणि उरलेले खाणे हेही त्यातलेच एक, आणि त्याला दवाखान्यात औषध नाही.

चौकोनात कापलेल्या पदार्थाचा हिशेब उघड्यावर होतो. सहावा चौकोन थाळीत दिसत असतो. तो कुणी उचलला तर आईचा उचलला, हे लहान पोरालाही कळते. बैठकीत दुसऱ्या वेळी थाळी नीट जमली, तेव्हा त्या मावशींनी चौकोन पाडले आणि सवयीने सगळ्यांना वाटत सुटल्या. त्यांची नववीतली मुलगी म्हणाली, "आई, तुझा आधी काढ." मावशींनी पहिला चौकोन स्वतःच्या ताटलीत घेतला. थोडा वेळ त्या नुसत्याच बघत होत्या. मग खाल्ला आणि म्हणाल्या, "मीठ कमी आहे."

काय मिळते, काय मिळत नाही

मीठ कमी आहे ते जाणून ठेवले आहे. मोठ्या माणसाने दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. ते साधारण एक लहान चमचा झाले. आपल्या सहा वाट्यांत मिळून एक चमचा आहे. रक्तदाब असलेल्यांनी वरून मीठ घेऊ नये, लिंबू पिळावे.

आमच्या हिशेबाने एका वाट्यात साधारण नऊ ग्रॅम प्रथिने आणि सव्वाशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम मिळते. मध्यम वजनाच्या बाईला दिवसाला साधारण 46 ग्रॅम प्रथिने आणि 1000 मिलिग्रॅम कॅल्शियम लागते. म्हणजे एक चौकोन आणि दोन भाकऱ्या एवढ्यावर दिवस भागत नाही. डाळ, उसळ, अंडी, मासळी, मटण जे घरात होते ते चालूच राहिले पाहिजे.

एक गोष्ट स्पष्ट सांगतो. रक्त वाढवायला हा पदार्थ पुरेसा नाही. फरसबीत लोह थोडेच असते आणि दुधातले कॅल्शियम लोह अंगी लागू देत नाही. म्हणून लोहाची गोळी या जेवणाबरोबर घेऊ नका, दोन तासांचे अंतर ठेवा. शाळेत मुलामुलींना आठवड्याला मिळणारी निळी गोळी आणि गरोदर बाईची रोजची लाल गोळी, दोन्ही दूध-चहापासून लांब ठेवून पाण्याबरोबर घ्यायच्या. लिंबू, आवळा, पेरू यांनी लोह चांगले शोषले जाते. गोळीने शौचाला काळे होते, त्याला भिऊन ती बंद करू नका.

साखरेचा आजार असलेल्यांनी एक चौकोन घ्यावा आणि त्या वेळी एक भाकरी कमी करावी. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी डॉक्टरांना विचारूनच खावे. ज्यांना दुधाने पोट फुगते त्यांनी भिजवलेले शेंगदाणे वाटून, पाणी घालून गाळलेले दूध वापरावे. मात्र शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी असलेल्याला हा पदार्थ देऊ नये. दात नसलेल्या आजी-आजोबांना हे मऊ खाणे फार सोयीचे पडते. वर्षाच्या पुढच्या बाळाला कांदा-पावाचा चुरा काढून, कुस्करून द्या. अख्खे शेंगदाणे पाच वर्षांखालच्या मुलांना देऊ नका, घशात अडकतात.

दूध-अंड्याचा पदार्थ आहे, आपल्याकडच्या उकाड्यात लवकर नासतो. दोन तासांत संपवा किंवा फ्रीजमध्ये ठेवा. पाळीला जाणाऱ्याच्या डब्यात सकाळी भरून दुपारी खायला देऊ नका.

शेवटी

रोज करण्याचा हा पदार्थ नाही, महिन्यातून एकदोनदा जमला तरी चालेल. पोरांना पांढऱ्या सॉसचे काही खावेसे वाटले की ती गाडीवर जातात आणि तिथे बरणीतले मेयोनीज मिळते. त्याऐवजी रविवारी सगळे घरी असताना थाळी लावा. शेंगा मोडायला मुलगे बसवा, रस्सा ढवळायला नवऱ्याला उभे करा. पाच मिनिटे हात न थांबवता ढवळायचे काम पुरुषांना चांगले जमते, हे आम्ही पाहिले आहे. भांडे घासायचे कामही त्यांनाच द्या. थाळीत थोडे कढत पाणी घालून अर्धा तास ठेवले की कडा सुटतात, तारेची घासणी लागत नाही.

आणि पहिला चौकोन, मावशींनी काढला तसा, करणाऱ्या बाईच्या ताटात आधी काढा.

जयभीम.